चालणाऱ्या काकूंचा निकाल

देवानं माणसाला पाय कशासाठी दिले, हे उभ्या सोलापुरात एकट्या आमच्या शेजारच्या काकूंनाच कळलं होतं. भवानी पेठेत त्यांच्या यजमानांचं भुसाराचं दुकान, माहेर होटगीला. दर सोमवारी त्या माहेरी जात, पण चालत. "रेल्वेत बसलं की गुडघे झोपत्यात," असं त्यांचं म्हणणं. एकदा त्या रेल्वेनं येतील असं धरून भाऊ बैलगाडी घेऊन त्यांना आणायला होटगी स्टेशनवर गेला. रेल्वे तासभर लेट. तोवर काकू चालत घरी पोचल्या, जेवल्या, आणि भाऊ अजून कसा येईना म्हणून त्यालाच आणायला स्टेशनवर हजर झाल्या!

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या मंडळानं होटगी ते भवानी पेठ अशी चालण्याची शर्यत ठेवली. मी चिटणीस. पहिला फॉर्म मागायला काकूच आल्या.

"काकू, शर्यत पुरुषांची आहे."

"फॉर्मवर नाव, वय, पत्ता इचारलाय. मिशा कुटं इचारल्यात?"

अध्यक्ष म्हणाले, बायका चक्कर येऊन पडतील, जबाबदारी कोणाची? मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची आजही लाज वाटते.

काकू बिननंबराच्या चालल्या. नऊवारीचा काष्टा, कनवटीला गुळाचा खडा. वाटेत चक्कर आली ती तालमीतल्या एका पैलवानाला. काकूंनी त्याला बाभळीखाली बसवलं, गूळ चारला आणि पुढं निघाल्या. सातव्या आल्या. "त्या पैलवानापायी दोन नंबर गेले," एवढीच त्यांची तक्रार. अध्यक्षांनी पुढच्या वर्षी बायकांची वेगळी शर्यत मुकाट्यानं मंजूर केली.

एकोणीस नावं आली. विड्या वळणाऱ्या, मागावर बसणाऱ्या, इस्पितळातली एक नर्स. काकूंनी मात्र चालायला नकार देऊन पंचाची जागा मागितली. नियम एकच : एक पाय सतत जमिनीवर हवा, पळलं की बाद. सरावासाठी त्या महिनाभर ओट्यावर बसून गल्लीतल्या प्रत्येकाचे पाय तपासत. "पोस्टमन, दोन्ही पाय उचलले तुमी!" असं ओरडल्या, तेव्हा बिचाऱ्याच्या हातची पत्रं पडली.

त्या एकोणिसांत काकूंची सूनही होती. सहा वर्षं शेजारी राहून मी तिचा आवाज ऐकला नव्हता. सासूपुढंही म्हणे ती "व्हय"च्या पलीकडं गेली नव्हती. तिचं नाव काकूंनीच घातलं असणार, असं मी धरून चाललो. नंतर कळलं, ते तिनं स्वतः घातलं होतं.

शर्यतीच्या दिवशी पेठेच्या तोंडाशी पहिली दिसली ती हीच सून! मागून विणकरांची एक मुलगी तिला गाठत आली. गर्दी ओरडू लागली, आणि शेवटच्या शंभरेक पावलांत सून चार-पाच पावलं चक्क पळाली. निदान काकूंना तसं दिसलं. त्यांच्या हातातलं लाल फडकं वर गेलं.

"बाद!"

घामानं निथळणारी सून थेट पंचाच्या टेबलापाशी आली. डोक्यावरचा पदर कधीच खांद्यावर आला होता.

"न्हाय अत्ते! एक पाय खालीच हुता. तुमी नीट बघितलंच न्हाय!"

अत्ते म्हणजे कानडीत सासूबाई. हे सगळ्या पेठेला ऐकू गेलं. निकाल बदलला नाही. पितळेचा तांब्या विणकरांच्या मुलीला मिळाला. सुनेनंच पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या, पण काकूंकडं न बघता.

टेबल आवरताना मी हळूच म्हटलं, "काकू, घरच्याच माणसाला बाद केलंत?"

काकूंचे डोळे भरले होते, आणि त्या हसत होत्या. "ऐकलंस न्हवं? सा वर्सानं बोलली की रं! किती झ्याक बोलली!"

काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यामागं पंचाची जागा सुनेनं घेतली, असं कानावर आहे. मला मात्र आठवतं ते त्या दिवशीचं परत येणं. पुढं सासू-सुना, मागं डोक्यावर टेबल घेतलेला मी. तो पाय खाली होता की नव्हता, यावर दोघींची वादावादी चाललेली, निम्मी मराठीत, निम्मी कानडीत, आणि दोघींची पावलं झपाझप. "जरा हळू चाला हो," मी मागून हाक मारली. दोघींपैकी कुणालाच ती ऐकू गेली नाही.