हेमकळेचा शेवटचा प्रसंग

साताऱ्याहून निघताना तात्यांनी मला दोनच गोष्टी बजावल्या : शाई भरपूर ने, आणि ऐकताना मध्ये बोलू नकोस.

तात्या म्हणजे आमच्या शाळेतले निवृत्त मराठीचे शिक्षक. सदानंदसुत या जुन्या कवीच्या ‘हेमकळा आख्याना’ची शुद्ध प्रत तयार करण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले. हे आख्यान ठाऊक नाही असे घर आमच्याकडे सापडायचे नाही. हरवलेल्या नवऱ्याच्या शोधात राज्य सोडून निघालेली हेमकळा कीर्तनात येते, शाळेच्या पुस्तकातही येते. पण तात्यांनी जमवलेल्या साऱ्या पोथ्या एकाच जागी तुटत. हेमकळा माहेरच्या वाटेला लागते आणि पुढची पाने नाहीत. अशात बेळगावच्या एका वकिलांचे पत्र आले. शहापुरातली एक विणकराची विधवा पुढचा प्रसंग तोंडपाठ म्हणते! तात्यांची दृष्टी अधू झालेली, म्हणून मी निघालो.

बेळगाव स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळचे धुके अजून झाडांत अडकलेले होते. तांबड्या मातीच्या रस्त्याने टांगा शहापुरात शिरला. गल्ली इतकी अरुंद की समोरून बैलगाडी आली तेव्हा टांगेवाल्याला घोडा मागे सारावा लागला. ज्या घरावरून जावे तिथून हातमागांची खटखट. टांगेवाला मागांवरच्या लोकांशी मराठीत आणि दुकानदारांशी कानडीत बोलत होता, आणि एका भाषेतून दुसरीत केव्हा गेला हे त्याचे त्यालाही कळत नसावे.

गंगाक्का ओसरीवर चाक फिरवून कांड्या (मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या) भरत बसली होती. साठीची, काटक बाई. मी येण्याचे कारण सांगितले. तिने चाक थांबवले नाही.

“भाकरी खाल्लीस काय?” तिने विचारले.

“नाही.”

“मग आदी खा. हेमकळा कुटं पळून जात न्हाय.”

जोंधळ्याची भाकरी, खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) आणि घट्ट दही. डोळ्यांतून पाणी काढणारा तो खर्डा मी मुकाट्याने संपवला, तेव्हा कुठे ती म्हणू लागली. चाकाच्या लयीवर एक ओवी झाली. मग ती थांबली. चाकाचे दहा-बारा फेरे नुसतेच गेले आणि तिने पुढची म्हटली. पुन्हा थांबली. चौथ्या-पाचव्या ओवीला माझ्या लक्षात आले की कथा उड्या मारते आहे. हेमकळा नदीकाठी असते, आणि पुढच्या ओवीत एकदम पलीकडे.

तात्यांची ताकीद विसरून मी विचारले, “मधल्या ओव्या?”

“त्या माज्या न्हाईत. आईजवळ द्यायला दुसरं काय नव्हतं बाबा. तिनं हे वाटून दिलं. एक ओवी मला, एक किस्नीला. जात्यावर दोघी समोरासमोर बसायचो.”

“मग किस्नाक्का कुठे आहेत?”

चाक जोरात फिरू लागले. “निपाणीला दिलीया. तिच्या ओव्या मी लई वर्सं तोंडात घेतल्या न्हाईत. आता आठवत बी न्हाईत.”

एवढे सांगून ती आपल्या वाट्याच्या ओव्या शेवटपर्यंत म्हणाली. मी सगळ्या उतरवल्या, दर दोन ओव्यांमध्ये किस्नाक्काच्या ओवीची जागा कोरी ठेवून.

दुसऱ्या दिवशी निपाणीची सर्व्हिस मोटार धरली. संकेश्वराच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की माथ्यावरची ट्रंक खाली आली आणि माझी पिशवी तिच्याखाली सापडली. उघडून पाहतो तो शाईची बाटली फुटलेली. वही काळीभोर! एकही पान वाचता येईना. निपाणीत उतरलो तेव्हा हवेत तंबाखूचा असा दर्प होता की सलग चार शिंका आल्या. वखारीसमोर पाने निवडणाऱ्या बायका मला पाहून हसल्या. त्यांतलीच एक किस्नाक्का निघाली.

थोरलीपेक्षा ती ठेंगणी, पण हनुवटी तीच. मी शहापुराहून आलो म्हटल्यावर तिच्या हातातले पान तसेच राहिले.

“आक्का बरी हाय?”

“बऱ्या आहेत. तुमच्या ओव्या उतरवून घ्यायला आलोय.”

“तिच्या वाच. तिची कानावर पडल्याबिगार माजी सुटत न्हाय.”

मी वही दाखवली. तिने काळ्या पानांवर बोट फिरवले, बोटाची शाई पदराला पुसली. मग मुकादमाकडे जाऊन उद्याची सुट्टी मागून आली.

दुसऱ्या दिवशी शहापूरच्या वाटेवर मोटारीत तिने मला सांगितले. प्लेगाच्या साली गंगाक्काचा नवरा गेला आणि ही आली नाही, म्हणून थोरलीने बोलणे टाकले होते. मी भीतभीत विचारले, “का नाही आलात?” तिने खिडकीबाहेर पाहिले. “ते तिला सांगीन. तुला न्हाय.”

शहापुरात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. गंगाक्काने मान वर केली आणि परत खाली घातली. किस्नाक्का पायरीवरच उभी राहिली. न विचारता हिला आणले ही केवढी चूक केली, असे मला होऊन गेले. चाक फिरत होते.

“तवा आली न्हाईस,” गंगाक्का चाकाकडे बघत म्हणाली.

“आलती. गावाभाईर नाक्यावर अडवलं. तीन दिस झाडाखाली बसलती. पोलिसानं सोडलं न्हाय.”

“सांगितलं न्हाईस.”

“तू इचारलं न्हाईस, आक्का.”

चाक थांबले. गल्लीतल्या मागांची खटखट तेवढी ऐकू येत होती. गंगाक्काने चाक बाजूला सारले, घोंगडी पुढे ओढली आणि पहिली ओवी उचलली. ती संपते न संपते तोच पायरीवरून दुसरी आली. किस्नाक्का म्हणता म्हणताच आत येऊन बसली होती, गुडघ्याला गुडघा लावून.

मी येताना बेळगावात त्या वकिलांकडून मागून आणलेली पेन्सिल आणि कोरे कागद पुढे घेतले. शेजारच्या घरातला माग बंद पडला, मग पलीकडचा. माणसे हातचे काम टाकून ओसरीशी येऊन उभी राहिली. नदी, घाट, माहेरची शीव, सगळे आता सलग डोळ्यांसमोरून जात होते. कुठे सांधा दिसत नव्हता. मग ही ओवी आली :

दारी उभी राहिली थकून । नाव सांगेना मुखातून ।
आतून हाक आली ओळखून । ये गे बाई ॥

कित्येक पिढ्यांपूर्वी गेलेला कवी, ज्याचे गावही कुणाला माहीत नाही, त्याने या दोघींना पाहिले होते की काय, असे मला वाटून गेले. पेन्सिल थांबली. किस्नाक्का रडत होती, पण सूर मोडला नव्हता.

एकाच शब्दावर दोघी अडल्या. थोरली म्हणे आई ‘पाणी’ म्हणायची, धाकटी म्हणे ‘नीर’. मी दोन्ही लिहून घेतले.

परतीच्या दिवशी मी किस्नाक्काला निपाणीच्या मोटारीचे विचारले. गंगाक्काच परस्पर म्हणाली, “जाईल चार दिसांनी. तुला गाडी चुकंल, जा.”

साताऱ्याला तात्यांना सगळा प्रसंग वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. ‘ये गे बाई’ला त्यांनी हात वर केला.

“ही कुणी म्हटली? थोरलीने की धाकटीने?”

“थोरलीने.”

“मग तसे लिही.”

पुस्तक छापून आले त्यात शेवटच्या प्रसंगाला प्रत्येक ओवीच्या समासात एक अक्षर आहे : कुठे ‘थो’, कुठे ‘धा’. पुष्कळांनी विचारले, ही कोणती पोथी? मी सांगतो, शहापूरची आणि निपाणीची. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय वाचता येत नाहीत.