जपानी गाणी आणि कणकेचा गोळा

मागे एका गुरुवारी संध्याकाळी आमचा भाडेकरू दारात उभा राहिला. हातात पेढ्यांचा बॉक्स, मान खाली... मला वाटलं प्रमोशन झालं असेल. तर म्हणे, खोली सोडतो!

भाडेकरू म्हणजे केन्जी. मूळचा जपानचा, पिरंगुटजवळच्या एका कंपनीत इंजिनिअर. भरे गावात आमच्या घराला लागून आम्ही भाड्याच्या खोल्या काढल्यात, त्यातली पहिली त्याची. चपला इतक्या नीट लावून ठेवतो की माझ्या पोरांना मी त्या मुद्दाम दाखवायला नेते.

असा भाडेकरू सोडायचा म्हणजे जिवावरच आलं. म्हटलं, का रे बाबा, पाणी कमी पडतं का? त्यानं मोबाईलवर काहीतरी टाइप केलं आणि मराठी करून माझ्यापुढे धरलं... माझ्या गाण्यांचा आजोबांना त्रास होतो, क्षमा असावी.

हे आजोबा म्हणजे माझे सासरे, आबा. त्यांची खोली आणि केन्जीची खोली, मध्ये एकच भिंत. केन्जी कामावरून आला की गाणी लावायचा, कायम एकाच गायकाची. त्यांच्याकडचा जुना माणूस आहे, स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो आणि गिटारही स्वतःच वाजवतो. तिकडे म्हणे लग्नात, गाडीत, दुकानात, सगळीकडे त्याचीच गाणी. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण भाकरी थापताना मीही गुणगुणायला लागले होते. खोटं कशाला बोलू!

तर गाणं सुरू झालं की आबा पलीकडून भिंत बडवायचे. केन्जीनं आवाज कमी केला, तरी बडवणं चालूच. शेवटी बिचाऱ्यानं हेडफोन घेतले... तर आबा आणखी जोरात बडवायला लागले. आता गाणं नसतानाही म्हातारा भडकतो म्हणजे त्यांना मीच नको आहे, असं समजून त्यानं जवळच्या नांदे गावात दुसरी खोली बघितली.

माझं डोकंच फिरलं. आबांचा स्वभाव मुळातच तिखट, त्यात दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला. आबा म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे पखवाजवाले. दवाखान्यातून घरी आले आणि पहिलं काम काय, तर पखवाज खोळीत घालून माळ्यावर टाकायला लावला.

फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी कुत्र्याला देऊन टाकला. "मेलेल्या हाताला कशापायी उठवताय?" एवढंच म्हणायचे. आम्ही विनवण्या केल्या, चिडलो, भांडलो... शेवटी नाद सोडला.

त्या दिवशी तशीच तरातरा आत गेले. "आबा, त्या पोराला भिंत बडवून का छळता? चाललाय तो खोली सोडून!"

आबा ताडकन म्हणाले, "सोडून? का म्हनून? म्या कुटं छळलं त्याला? म्या ठेका धरत हुतो!"

आबा चालूच... "त्यो गिटारवाला लई बेस वाजवतुया. आन् ह्यानं गानं लावायचंच बंद केलं, म्हनून हाक मारत हुतो. लाव म्हनलं!"

तेवढ्यात माझं लक्ष कॉटकडे गेलं. आबांची कॉट भिंतीला लागून, आणि निजल्यावर भिंतीकडे येतं ते उजवं अंग. म्हटलं, "आबा... कुठल्या हातानं?"

आबांनी चादरीवरून उजवा हात उचलला. जेमतेम वीतभर, बोटं थरथरत होती... पण हात भिंतीवर पडला आणि थाप वाजली.

मला रडूच फुटलं. आम्ही सगळ्यांनी ज्या हातासाठी जंग जंग पछाडलं, तो हात रोज संध्याकाळी आपलं काम करत होता. ऐकणारा एकटा केन्जी, आणि तो पेढे घेऊन माफी मागत दारात उभा!

त्याला आत बोलावलं, गाणं लाव म्हटलं. आबांनी फर्माईश केली, "बैलगाडा शर्यतीचं लाव." आबांनी सगळ्या गाण्यांना आपली नावं पाडली होती! त्यांनी तोंडानं ठेका सांगितला, त्यावरून चाल ओळखून मी ती केन्जीला गुणगुणून दाखवली. केन्जीनं मोबाईलवर मराठी करून सांगितलं, त्यात एक मुलगा मैत्रिणीला गाठायला स्टेशनकडे पळतोय. आबा म्हणाले, "मंग बरुबर हाय की, पळतंयच त्ये!"

गाणं लागलं, आबांनी भिंतीवर ठेका धरला. केन्जीला आता सगळं कळलं. आधी हसला, मग चष्मा काढून पुसत बसला.

गाणं संपल्यावर आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, कनीक मळलीयास का?"

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, त्याशिवाय तो घुमत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून दर एकादशीला तो गोळा मी बाजूला काढायचे. दिवाळीनंतर कुणी मागितलाच नव्हता... केन्जी स्टुलावर चढला, माळ्यावरून पखवाज काढला, आणि मी पिठाच्या हातानंच डोळे पुसत बाहेर आले.

आबांचा हात पहिल्यासारखा झाला का? नाही. लवकर दमतो, मग आबा चिडतात, आणि आम्ही बोलणी खातो. केन्जी मात्र कुठेही गेला नाही. त्याचे पेढे आम्ही सगळ्यांनी मिळून संपवले.

त्या गाणाऱ्या माणसाला हे कधी कळायचं नाही. पण त्याच्या गाण्यांसाठी मुळशीतल्या एका घरात आता रोज एक गोळा कणीक जास्तीची मळली जाते... देव त्याचं भलं करो!