उसना दशक

आमच्या केंद्राच्या गटसंमेलनाला मी कधीच आनंदाने गेले नाही, हे आधीच सांगून टाकते. नाटे गावाच्या आसपासच्या प्राथमिक शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमायचे. केंद्रप्रमुख परिपत्रकं वाचून दाखवायचे, मग पोहे, आणि मग ‘आदर्श पाठ’. त्यासाठी त्या शाळेतली हुशार पोरं पुढे बसवलेली असायची. आधीच घोटून घेतलेली उत्तरं ती खणखणीत आवाजात द्यायची, आम्ही टाळ्या वाजवायचो आणि एस.टी. पकडायला धावायचो. पोहे मात्र चांगले असायचे.

या आदर्श पाठांतले राजे म्हणजे अण्णा गुरुजी. निवृत्तीला आलेले, कडक इस्त्रीचे, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शिस्त. आणि खतिजा सोलकर त्यांच्या अगदी उलट. संमेलनात ती मागच्या सतरंजीवर माझ्याजवळ बसायची आणि शेवटपर्यंत तोंड उघडायची नाही. नवरा नझीर कुवेतला, घरी म्हातारी सासू आणि पहिलीतली लेक आयात. चालत जाण्याच्या अंतरावर शाळा मिळाली होती म्हणून तिचं सगळं निभत होतं.

तिच्या तिसरीच्या वर्गाला वजाबाकी येत नव्हती. म्हणजे साधी यायची, पण दशक उसना घेण्याची वेळ आली की वर्ग गडगडायचा. बावन्नातून सत्तावीस गेले की पोरं बिनदिक्कत पस्तीस लिहायची. गेल्या वर्षीची पोरं तेच करत होती, त्याच्या आदल्या वर्षीचीही. उसना घेतल्यावर वरचा दशक कमी करायला विसरतात, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. केंद्रप्रमुखांनी तिला बजावलं होतं की दिवाळीपर्यंत सुधारणा दिसली नाही तर अहवाल वर जाईल. त्यापुढे बदली, तीही थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, केळशीकडे, असं लोक बोलत होते. मग सासूला कोण बघणार आणि आयातला कुठे ठेवणार, या विचारानं तिचा चेहरा उतरलेला असायचा.

दोन हजार एकच्या ऑगस्टमधल्या संमेलनात, पुढचा आदर्श पाठ कुणाचा असं केंद्रप्रमुखांनी विचारलं आणि माझ्या शेजारून आवाज आला.

“माझ्याकडे या. पण आदर्श नाही, माझा पाठ फसतोय. कुठे फसतो ते मला दिसत नाही. तुम्ही माझ्याकडे बघू नका, एकेका मुलाजवळ बसा.”

सतरंजीवर चुळबुळ झाली. वजाबाकीत बघण्यासारखं काय असतं, असं अण्णा म्हणाले. जे दिसेल ते आपल्याला लिहावं लागेल, असं केंद्रप्रमुखांनी सांगितलं, म्हणजे बाईंनी विचार करून बोलावं. परतताना मी तिला चांगलंच झापलं. सुखासुखी पायावर धोंडा कशाला पाडून घेतलास, म्हटलं.

ती म्हणाली, “दार लोटलं की वर्गात मी एकटीच असते, उल्का. चुकतंय हे कळतं, पण सांगू कुणाला?”



ठरल्या दिवशी सगळे आले. काही मदतीला, काही मजा बघायला. आम्ही एकेका पोराशेजारी जमिनीवर मांडी घालून बसलो. अण्णांच्या वाट्याला सुगंधा नावाची मच्छीमार खारव्यांची पोर आली. खतिजाने फळ्यावर तेच बावन्न वजा सत्तावीस मांडलं. सुगंधाने पाटीवर पाच पुसून चार केला. बरोबर केलं. बारातून सात गेले, पाच उरले. मग तिने बोट थुंकीनं ओलं केलं, तो चार पुसला आणि पुन्हा पाच लिहिला. पाटीवर काही खूण उरली नाही. अण्णांचा हात सवयीनं वर गेला, पण आम्ही सगळे बघत होतो म्हणून तो थांबला. मग त्यांनी विचारलं, हे असं का गं केलंस?

“उसना आणलाव ना गुरुजी? मग परत द्यायला नको?” सुगंधा म्हणाली. “आईन शेजारून साखर उसनी आणलीन की वाटी भरून परत देते.”

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी उसना परत दिला, असं खतिजाने विचारलं, आणि जवळजवळ सगळ्या वर्गाचे हात वर झाले. हसणं तिथेच थांबलं. ही पोरं विसरत नव्हती, इमानदारीने वागत होती. खतिजा फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. ती रडते आहे हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं, आणि माझेही डोळे भरून आले.

त्या दिवशी परिपत्रकं तशीच राहिली. ‘उसना’ नाही तर दुसरा कुठला शब्द घ्यायचा, यावर आम्ही अक्षरशः भांडलो. शेवटी खराट्याच्या हिरांच्या, म्हणजे काड्यांच्या, दहा-दहाच्या जुड्या बांधल्या आणि ‘जुडी सोडली’ असं म्हणून बघितलं. सोडलेली जुडी परत द्यावी असं एकाही पोराला वाटलं नाही. उत्तर पंचवीस येऊ लागलं. केंद्रप्रमुखांनी अहवालाचा कागद घडी करून खिशात घातला आणि जुड्या कशा बांधल्या ते खतिजाला पुन्हा विचारून घेतलं.

एस.टी.ची वेळ झाली तरी अण्णा जमिनीवरच बसले होते. खतिजा त्यांना पाणी घेऊन गेली. त्यांनी तांब्या हातात घेतला, पण प्यायले नाहीत. पुढच्या महिन्यात माझ्या वर्गात या, असं ते म्हणाले. भागाकार घेऊ या, पोरांची तयारी करून घेणार नाही.

कुणाला खरंच वाटेना. खतिजा त्यांच्याशेजारी खाली बसली आणि हळूच म्हणाली की अण्णा, तुमच्या मुलांना तर सगळं येतं.

“येतं,” अण्णा म्हणाले. “बाई, उसना परत देणाऱ्या पोरांना मी तीस वर्षं छड्या मारून तो द्यायचा नाही हे शिकवलं. का देता, म्हणून एकालाही विचारलं नाही.”