चालू घड्याळ

आमच्या घरात अस्सल म्हणावं असं घड्याळ एकच आहे, लग्नात आलेलं, भिंतीवरचं, आणि ते बंद आहे. बाकी जेवढी चालतात तेवढी सगळी नकली. मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझी रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब आहे. सकाळी पेशंटची गर्दी असते. दुपारी मात्र समोरच्या ढाब्यावरच्या फोडणीचा ठसका सोडला तर आत कुणी येत नाही. मग मी टेबलावर पांढरं फडकं अंथरते, डोळ्याला भिंग लावते आणि कुणाचं तरी घड्याळ उघडते.

हे खूळ मला नवऱ्यामुळे लागलं. ते शाळेत शिक्षक आहेत, पण हातावरचं घड्याळ कारखानदाराचं लागतं. त्यांनी मोबाइलवरून एका भारी परदेशी कंपनीची 'फर्स्ट कॉपी' मागवली. फळ्यावर लिहिताना मुद्दाम बाही वर सारायचे म्हणे. महिन्याच्या आत घड्याळ गपगार झालं. दुरुस्तीवाल्याने "आमी कॉपीला हात लावत न्हाई" म्हणून परत दिलं आणि यांनी ते ड्रॉवरमध्ये फेकलं. मला राग पटकन येतो, तसा तेव्हाही आला. बंद पडलेली वस्तू उघडूनसुद्धा न बघता टाकून द्यायची म्हणजे काय? मी ते स्वयंपाकघरातच उघडलं. आतली स्प्रिंग जी उडाली ती थेट परातीतल्या पिठात. सगळं पीठ पुन्हा चाळावं लागलं, पोळ्यांना उशीर झाला, सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. पण स्प्रिंग सापडली, घड्याळ चालू झालं आणि मी बिघडले ती बिघडलेच.

या कॉप्यांचं एक असतं. वरचं लोखंड, काच, पट्टा चांगला असतो, आतलं मशीन मात्र रडकं. वरून कीर्तन आतून तमाशा. मी जुनं मशीन काढते, चांगलं जपानी मशीन मागवून बसवते, काटे जुळवते, पाणी शिरू नये म्हणून रबराची रिंग बदलते. ट्रकवाले, ढाबेवाले, नातेवाईक, सगळ्यांनी हळूहळू घड्याळं आणून द्यायला सुरुवात केली. माझी अट एकच. घड्याळ नकली असेल तर डायलवरचं कंपनीचं नाव मी पुसणार. घड्याळाचं काम खरी वेळ सांगायचं, आणि त्याच्या तोंडावरच खोटं लिहिलेलं मला बघवत नाही. कधी नावाबरोबर रंगही निघतो, मग कोरी डायल टाकावी लागते. नवऱ्याच्या घड्याळावरचं नाव पुसलं तेव्हा ते आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते. पण ही अट सगळ्या गोतावळ्यात पसरली. कोऱ्या तोंडाचं घड्याळ दिसलं की लोक म्हणायचे, "हे ताईकडून आलेलं दिसतंय."

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, हा उद्योग अजिबात पसंत नव्हता. "सुखाचा जीव तुझा, खाजवून खरूज कावून काढती?" म्हणायचे. अण्णा तलवाड्याचे. शेती आहेच, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख बैलाचे पारखी म्हणून. दात बघून वय, चाल बघून खोड सांगणार. बाजारात अण्णांना कुणी फसवू शकत नाही, असं लोक म्हणायचे आणि लोकांपेक्षा जास्त अण्णा म्हणायचे.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, कडा गावचं स्थळ. जावयाला घड्याळ द्यायचं ठरलं, तेव्हा घरात घड्याळ उघडणारी लेक असताना अण्णा मला न विचारता शहरात गेले आणि स्वतः पारख करून घेऊन आले. पारख कशी, तर हातात तोलून. "वजनदार हाय. हलकं ते नकली, जड ते असल." दुकानदाराने जडच दिलं होतं.

मांडवात आहेर पुकारणाऱ्याने माइक तोंडाला लावून सांगितलं, "वधूपित्याकडून जावईबापूंना अस्सल परदेशी घड्याळ!" टाळ्या पडल्या. अण्णांनी फेटा सावरला. मी पुढच्या रांगेत होते आणि त्या घड्याळाचा सेकंदकाटा कसा अडखळत चाललाय ते मला तिथूनच दिसत होतं. माझ्यासारखीने तोंड मिटून बसायचं म्हणजे काय शिक्षा असते ते माझं मलाच ठाऊक. पण वडिलांची मान ताठ होती, अंगावर अक्षता होत्या. मी जिलेबी तोंडात कोंबली आणि गप्प बसले.

पुढे अधिक महिना आला, आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला सासरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. जेवणाच्या आठवडाभर आधी बहीण माझ्या लॅबमध्ये आली आणि पर्समधून हातरुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढलं. रुमालाला डांबराच्या गोळ्यांचा वास.

"आक्का, हे सारखं बंद पडतंय," ती म्हणाली.

"ठेवता कुठे?"

"कपाटात. सासूबाई म्हणतात, एवढं असल घड्याळ, रोज घालून खराब कशाला करायचं. लग्नकार्याला काढतो. काढलं की बंद असतंय."

मी कपाळावर हात मारला. ते हाताच्या हालचालीवर चालणारं घड्याळ. त्याला बॅटरी नाही. मनगटावर राहिलं तर चालणार, साड्यांच्या घडीत झोपवलं तर झोपणार. वर आतलं मशीन रडकं ते रडकंच. मी म्हणाले, बदलून देते. तेव्हा तिने माझा हात धरला.

"पण नाव पुसू नको बरं का. मला लगीनादिवशीच कळलतं तुझ्या तोंडावरून. कड्यात तुझ्याकडची घड्याळं हायत. कोरं घड्याळ परत आलं तर सासरी सगळ्यांना कळंल. अण्णांनी माइकवर सांगितलंय."

झाली का पंचाईत. नाव ठेवून परत दिलं तर माझ्याच हाताने मी त्यावर अस्सलचा शिक्का मारला असं होणार, कारण मी न पुसलेलं ते खरं, असा माझा लौकिक. पुसावं तर व्याह्यांसमोर अण्णांची नाचक्की. बहीण गेल्यावर मी मशीन बदललं, तेल दिलं, सगळं जुळवलं. चाल अशी सुरेख लागली की काय सांगू. डायल मात्र तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात अण्णा. न कळवता तलवाड्याहून एसटीने आलेले, टोपी हातात. पाणी दिलं तर घेतलं नाही. पेशंटच्या स्टुलाजवळ उभे राहूनच विचारलं, "बाई, खरं सांग. धाकटी म्हन्ली, जावयाचं घड्याळ तुझ्याकडं हाय. चालू हाय का ते?"

मी नुकतंच मशीन बसवलेलं, हुरूप होता. म्हणाले, "चालू हाय की, अण्णा. एकदम चालू!"

अण्णा स्टुलावर मटकन बसले. चेहरा पांढराफटक. मला वाटलं बी.पी. वाढलं, मी मशीन शोधायला लागले.

"मंजी कड्याचे याही खरंच बोलले," ते म्हणाले.

"काय बोलले?"

"जेवणाचं आवतन द्यायला फोन केलता. सहज इचारलं, घड्याळ कसं हाय? तर म्हन्ले, चालू हाय. आन् हसले वर."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अण्णांची सगळी हयात बाजारात गेलेली. तिथे 'चालू माल' म्हणजे हलका, दिखाऊ, गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा. कड्याच्या व्याह्यांनी मानापोटी, सारखं बंद पडतं ते झाकून, घड्याळ चालतंय एवढंच सांगितलं होतं बिचाऱ्यांनी. अण्णांनी ते ऐकलं, जेवण सोडलं आणि एसटी पकडली. मला हसू आवरेना. मी समजावून सांगितलं, तसा त्यांचा चेहरा उजळला. टोपी डोक्यावर चढली.

"आस्सं व्हय! मी उगंच जिवाला घोर लावून घेतला." मग आरामात पाय पसरून म्हणाले, "मंजी माल असल हाय. मला वाटलंच. हातात घेताक्षणी वजन कळतं माणसाला."

एवढ्यावर थांबता आलं असतं. त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. पण ज्या तोंडाने मी ट्रकवाल्यांना खरं सांगते, ते तोंड बापासमोर मिटायचं, हे मला जमेना. मी म्हणाले, "अण्णा, असल न्हाई ते."

अण्णा उठून बाहेर गेले, फाट्यावर जाऊन उभे राहिले. बीडकडच्या गाड्या, सोलापूरकडच्या गाड्या, त्यांत धोतर सावरत उभे असलेले माझे वडील. मला वाटलं, आता असेच गाडीत बसून निघून जातील. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घड्याळापायी मी हे काय करून बसले?

ते परत आले आणि म्हणाले, "दाव."

मी मागचं झाकण उघडलं, भिंग त्यांच्या डोळ्याला लावलं. पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग मशीन दिसलं असावं, कारण श्वास थांबला. आतलं बारीक चाक इकडून तिकडे, तिकडून इकडे झुलत होतं.

"हे काळीज का ह्याचं?"

"हां. हे मी बसवलंय. हे खरं हाय."

बराच वेळ बघत राहिले. बैलाच्या तोंडात बघतात तसेच, घाई नाही. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "आतलं एवढं चोख आन् थोबाडावर खोटं कशाला? पूस."

"धाकटी नको म्हणती. व्याह्यांना अजून काही म्हायीत न्हाई, अण्णा. तुमी नका सांगू. चालून जाईल."

"माइकवर मी सांगितलं ना? मंग मीच सांगन. फसलो तर फसलो. फसवल्यालं मला न्हाई चालायचं."

त्यांच्या देखत मी नाव पुसलं. रंग निघाला नाही, नशीब. कोऱ्या डायलकडे बघून अण्णा एवढंच म्हणाले, "मोकळं रान झालं."

धोंड्याच्या जेवणाला कड्याहून व्याही, विहीणबाई, जावई, सगळे आले. जावयाचे पाय धुऊन झाले, पाटावर बसवलं, ताटात धोंडे, वर तुपाची धार. बहीण माझ्याकडे बघेना. अण्णांनी घड्याळ जावयाच्या हातात दिलं आणि उभे राहून, मांडवात उभे होते तसेच, सांगितलं, "पाहुणे, लगनात मी हे असल म्हनून दिलतं. ते नकली निघालं. मी फसलो. आतलं मशीन माझ्या थोरलीनं नवं घातलंय, नाव पुसलंय. घ्यायचं तर असं घ्या. न्हाईतर दुसरं आनून देतो."

विहीणबाईंचा घास हातात राहिला. जावयाने घड्याळ उलटंसुलटं केलं, कानाला लावलं आणि सरळ मनगटावर बांधलं. "बरं झालं अण्णा," तो म्हणाला, "आई हे कपाटातून काढूच देत न्हवती. आता रोज घालतो."

पण खरी गंमत व्याह्यांची. अण्णा बसले तसे ते उजवा हात ताटात ठेवून डावा हात हळूच माझ्याकडे सरकवू लागले. मनगटावर पुतण्याने दुबईहून आणलेलं सोनेरी घड्याळ, ज्याची कथा आम्ही सगळ्यांनी लग्नात दोनदा ऐकली होती. खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, हे बी जरा बघता का?"

मला बघताक्षणीच कळलं होतं. मी म्हणाले, "मामा, आधी जेवा. धोंडे गार होतील."

विहीणबाई आधी हसल्या. मग व्याही, मग अण्णा. अण्णांनी व्याह्यांना 'चालू'ची कथा सांगितली, तेव्हा तर व्याह्यांना ठसका लागून पाठीवर थापा माराव्या लागल्या. बहिणीने तेवढ्या गडबडीत मला डोळे वटारून दाखवले आणि मग तीही हसली.

जावयाचं घड्याळ तेव्हापासून बंद पडलेलं नाही. तो ते उसाला पाणी द्यायलासुद्धा घालून जातो. जपून ठेवण्यासारखं त्यात काही उरलं नाही, म्हणून ते चालतं.

दिवाळीनंतर माझ्या चुलत बहिणीचं लग्न झालं. त्या जावयाला द्यायला अण्णांनी माझ्याकडून एक घड्याळ करून घेतलं. कोरी डायल, निळे काटे. मांडवात आहेर पुकारणारा तोच होता. माइकवर हात ठेवून त्याने अण्णांना विचारलं, "काय म्हनू? अस्सल परदेशी का?"

"न्हाई."

"मंग? कंपनी कोनची?"

अण्णांनी सरळ त्याच्या हातातला माइक घेतला. घसा खाकरला, तो साऱ्या मांडवाला ऐकू गेला. "घड्याळ," ते म्हणाले. "माझ्या थोरलीनं केल्यालं. चालू हाय."

मांडव हसला. मी मात्र पुढच्या रांगेत पदराने डोळे पुसत बसले होते.