नाव काढलं, बाकी सगळं ठेवलं

भाऊंनी माझं बोलणं मलाच वाचून दाखवलं. बायकी आवाज काढून.

पडवीत खुर्ची टाकून बसले होते. हातात पुतण्याचा मोबाइल. हा पुतण्या पुण्याला शिकतो, सुट्टीला आला होता. शेजारी त्यांची बायको, वहिनी. पायरीवर सुदेश, पाहुण्यांना समुद्रात फिरवणारा बोटवाला. मी त्यांच्या होमस्टेच्या खोल्या झाडून जिना उतरत होते. हातात बादली.

"थांब गो. हयसर उबी रव."

उभी राहिले. वाटलं, कुठल्या तरी खोलीत काहीतरी हरवलं असेल. हरवलं की आधी मलाच उभं करतात.

भाऊंनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला आणि आवाज बारीक केला. "पावणे बोटां चाटतत ती सुंगटाची कढी माज्या हातची. पण पावणे रांदप बघूक इले काय माका मागल्या दारान भायर काढतत. वहिनी तेंका सांगतत, ही माज्या सासूची रीत. मी माडाच्या मुळात बसान सगळां आयकतंय."

सुदेश हसला. पुतण्या मान खाली घालून हसला. वहिनी हसल्या नाहीत.

शब्द माझे होते. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

"ह्यां कोणी सांगलां?" भाऊंनी आपल्या आवाजात विचारलं.

मी बादली दुसऱ्या हातात घेतली.

"नांव नाय हयसर. पण आयक. विधवा. चव्वेचाळीस वर्सां. बौद्धवाडी. उजवो हात कोपरापर्यंत भाजलेलो. एकच चेडू, कुडाळाक कॉलेजात जाता. गावात अशी दुसरी कोण आसा ती दाखय माका."

आता कुणी हसत नव्हतं.

त्यांना राग कशाचा आला होता ते सांगते. मी त्यांच्या स्वयंपाकघरात जात होते, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. वहिनींच्या बोटांचे सांधे धरले तेव्हापासून त्या घराची कोळंबीची कढी, वडे, भाकऱ्या, सगळं मीच करायचे. मागच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर. पाहुणे जेवत होते, घरचे जेवत होते, त्यांच्या भावकीतली माणसं येऊन जेवून जात होती. बाहेर मी फक्त झाडूवाली. माझ्या हातचं खातात, हे त्यांना लपवायचं होतं. म्हणून मला लपवत होते.

"उद्या कागद करून ठेवतंय," भाऊ म्हणाले. "सही कर. आपण रागान खोटां बोललंय म्हणान. मगे ते लोक थंयसून काढून टाकतले. सही केलंस तर काम आसा. नाय केलंस तर तुज्या घराकडची वाट माज्या माडांतसून जाता, ह्यां इसरू नको."

मी बादली खाली ठेवली आणि घरी आले.

मॅडम आली होती ती दोन वर्षांपूर्वी. शहरातल्या मोठ्या विद्यापीठातली. किनाऱ्यावर पर्यटन वाढलंय, त्यात राबणाऱ्या बायकांचा अभ्यास करते म्हणाली. पोरगी चांगली होती. ओट्यावर चटई टाकली तर चटईवर बसली. पाणी मागितलं आणि आमच्या तांब्यातलं प्यायली. गावात असं कुणी पीत नाही. कुणी विचारतही नाही की तुझं कसं चाललंय. तिने विचारलं. मग मी बोलले. तिचं ते आवाज घेणारं यंत्र चटईवर पडलं होतं, मी विसरूनच गेले.

निघताना तिने कागदावर सही घेतली. मी सातवी शिकलेय. वाचूनच केली. "माहिती भविष्यातील संशोधनासाठी खुली करण्यात येईल" असं त्यात होतं. मला वाटलं, कुणी सर कपाटातून काढून वाचतील, परत ठेवतील.

"माझं नाव येणार नाही ना?" मी विचारलं होतं.

"अजिबात नाही, मावशी."

खोटं नव्हती बोलली. नाव नाहीच आलं.

संध्याकाळी माझ्या मुलीने, रेश्माने, ते पान मोबाइलवर शोधून काढलं. विद्यापीठाचं एक भांडार आहे. अभ्यास संपला की त्यातली सगळी सामग्री, लिहिलेलं, बोललेलं, तिथे नेऊन ठेवतात. कुलूप नाही. जगातल्या कुणीही यावं आणि उतरवून न्यावं. त्यात आम्ही बायका होतो. ओळीने. नावाच्या जागी क्रमांक.

पानाच्या कोपऱ्यात एक आकडा होता.

"हो कसलो?" मी विचारलं.

"किती जणांनी उतरवून घेतला तो."

"कोणी?"

"तां दिसना नाय."

माझ्या बोलण्याच्या वरती मॅडमने टिपण लिहिलेलं. रेश्मा वाचायची थांबली. मी म्हटलं, वाच. तिने वाचलं. "उत्तरदाती लाजाळू. शिक्षण कमी. मी तिच्या घरचं पाणी मागून प्यायल्यावर मोकळी झाली. सहज विश्वास ठेवते. पुढील फेरीसाठी उपयुक्त."

मी तिला परत वाचायला लावलं.

भाऊंच्या नकलेपेक्षा हे जास्त लागलं. पाणी. मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते, एक मॅडम आमच्या घरचं पाणी प्यायली.

मग बाकीच्या बायका वाचल्या. नावं नव्हती तरी मला एकेक कळत गेली. हिचा नवरा पितो, ही मासळी विकते, ही मिठबावची माहेरवाशीण. आणि ही फिलोमिना. ख्रिस्ती, नवरा जहाजावर, सासू अंथरुणाला खिळलेली, तारकर्लीला एका लॉजवर चादरी धुते. मॅनेजर तिला रिकाम्या खोलीत बोलावतो, हे तिने सांगितलं होतं. काय करतो तेही सांगितलं होतं. मी ओळखली, तर तो मॅनेजर ओळखणार नाही?

सकाळी मॅडमला फोन लावला.

"मावशी, तुमचं नाव कुठेच नाहीये. आम्ही क्रमांक टाकलाय."

"नाव काढलंत. बाकी सगळं ठेवलंत."

"तेवढी माहिती लागते हो. वय, शिक्षण, समाज. नाहीतर डेटाला अर्थ राहत नाही. आणि खुला ठेवावाच लागतो. अनुदान देणाऱ्यांची तशी अट असते."

"आमच्या गावात हे कोण वाचणार, असं वाटलं तुम्हाला?"

ती म्हणाली, "हो. तसंच वाटलं."

मी सही करायला गेले नाही. दुसऱ्या दिवशी वाटेवर करवंदीच्या काट्या येऊन पडल्या. माणूसभर उंच, तारेने आवळलेल्या. आमच्या वाडीची तीन घरं त्याच वाटेने जातात. दुसरी वाट खाडीच्या कडेने, भरती आली की पाण्याखाली. माझा चुलत दीर काट्यांकडे बघत उभा राहिला आणि मग माझ्या दारात आला.

"सही कर गो वयनी. एका कागदाचो प्रश्न. आमका कित्याक तरास?"

त्याच्यावर मी रागावले नाही. त्याचं पोर लहान आहे, खाडीच्या कडेने शाळेत जातं.

त्यानंतर रोज काहीतरी. दुकानात मी गेले की बोलणं थांबायचं. पिठाच्या गिरणीत माझा डबा शेवटी. रेश्मा रोज तो कोपऱ्यातला आकडा बघायची. वाढत होता. गावातलेच बघत होते, की लांबचे, कळायला मार्ग नाही. रस्त्याने चालताना समोरून येणारा माणूस माझ्याकडे बघून हसला की मनात यायचं, ह्याने वाचलंय. पोटात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक, आणि मला कुणाचंच काही ठाऊक नाही.

मग एक दिवस रेश्मा कॉलेजातून आली ती दप्तर न काढताच बसून राहिली. यष्टीतून उतरल्यावर सुदेशने मोटरसायकल तिच्या बाजूने चालवली. हळूहळू, ती चालेल तशी.

"काय म्हणालो?"

"तुज्या आवशीक सांग, सही कर म्हणान. खाडीकडची वाट बरी नाय. थंय कोण नसता."

इथून पुढे मी भाऊला अहोजाहो करणार नाही. त्या दिवशी सोडलं ते सोडलं.

तोपर्यंत मला एवढंच हवं होतं की ते सगळं पुसलं जावं. सही करावी, असंही एकदा मनात आलं होतं. रेश्माचं ऐकलं आणि कळलं की हा माणूस सहीवर थांबणारा नाही. एकदा सही दिली की मी खोटारडी, आणि खोटारड्या बाईच्या मुलीला खाडीवर काय झालं हे कोण विचारणार.

मी तारकर्लीला गेले. फिलोमिना लॉजच्या मागे चादरी पिळत होती. तिला सांगितलं. पीळ तसाच हातात धरून तिने सगळं ऐकलं.

"माजां काढूक सांग," ती म्हणाली. "आज. आताच. घोवाच्या कानार गेलां तर तो माकाच घराभायर काढतलो."

"सांगतंय."

"आणि तुजां?"

"कळना नाय."

"तुजां तू ठरय," ती म्हणाली आणि पीळ घट्ट केला. "माजां मी ठरयलंय."

परत येताना हेच डोक्यात. मॅडमने उघडायचं ठरवलं. भाऊने मिटवायचं ठरवलं. बोललो आम्ही. आम्हाला कुणी विचारलं?

दोन दिवसांनी मॅडमच्या सरांचा फोन आला. आवाज मऊ.

"ताई, त्या गृहस्थांचं वकिलामार्फत पत्र आलंय. तुमचा खुलासाही येतोय म्हणतात. ते खोटं होतं असा."

"मी काही दिलेलं नाही."

"असू दे. तरी आम्ही संपूर्ण संच मागे घेतोय. तुमच्याच सुरक्षिततेसाठी."

"ज्यांनी उतरवून घेतलाय त्यांच्याकडचा?"

"तो परत घेता येत नाही."

"म्हणजे सगळ्यांकडे राहील. फक्त मला दाखवायला उरणार नाही."

रेश्मा बाजूला उभी होती. तिनेच मला दाखवून दिलं होतं की माझं बोलणं त्या पानावर तारखेसकट आहे. वाट बंद होण्याच्या, धमकीच्या कितीतरी आधीचं. म्हणजे रागाने मागाहून रचलेलं नाही, हा पुरावा. भाऊला ते का पुसून हवंय ते तेव्हा लख्ख दिसलं.

"लिहून घ्या सर," मी म्हटलं. "फिलोमिना म्हणून बाई आहे, चादरी धुणारी. तिचं सगळं काढा. वय, नवरा, सासू, आवाज. आज. बाकीच्या बायकांकडे स्वतः या आणि एकेकीला विचारा. तोवर त्यांचं झाकून ठेवा. माझं ठेवा."

"तुमचं ठेवून तुम्हालाच त्रास होईल, ताई."

"त्रास चालू आहे. तुम्ही काढलंत तरी चालू राहणार. माझं ठेवा आणि त्यावर माझं नाव घाला."

"नियमात तसं बसत नाही."

"बसवा. आणि ते टिपणसुद्धा काढू नका. मी सहज विश्वास ठेवते ते. वाचणाऱ्याला कळू दे तुम्ही कसे आला होतात."

पलीकडे मॅडमही होती; तिच्या रडण्याचा आवाज आला. मला तिला समजवावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो, मी आणि रेश्मा. साहेब म्हणाले, गावातला वाद गावात मिटवा. मी म्हटलं, जातीवरून वाट अडवलीय, मुलीला धमकी दिलीय, तक्रार लिहून घ्या.

"पुरावा काय?"

रेश्माने मोबाइल टेबलावर ठेवला आणि लावला. माझा आवाज ठाण्यात वाजायला लागला. "पावणे बोटां चाटतत..." दारातला शिपाई हसत आत आला आणि हसायचा थांबला. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. तारीख दोनदा बघितली. मग विचारलं, "बाई, तुम्ही त्या घरात परत कामाला जाणार नाही ना?"

"नाही."

"मग कशाला हे?"

"लिहून घ्या," मी म्हटलं.

अर्धा दिवस बसवून ठेवलं. मग लिहून घेतली. घेतली म्हणजे काही झालं, असं नाही. काट्या अजून तिथेच आहेत. तहसीलदार वाट बघायला येणार आहेत, अजून आलेले नाहीत. काम गेलं. फिलोमिनाचं त्या पानावरून निघालं, पण आधी कुणी उतरवलं असेल ते तिलाही ठाऊक नाही, मलाही. ती मला रस्त्यात भेटली तर आम्ही बोलत नाही. तिच्यासाठी तेच बरं. विद्यापीठातून माझ्या नावाबद्दल पत्र आलंय. समितीपुढे ठेवू म्हणतात. मी दर आठवड्याला फोन करते.

सुदेशची मोटरसायकल संध्याकाळी आमच्या घरासमोर येऊन थांबते. मुद्दाम येतो, खाडीच्या वाटेने. इंजिन चालूच ठेवतो. काही बोलत नाही. चुलत दीर आपलं दार लावून घेतो. रेश्मा म्हणते, आये, आत चल.

तो नुसती भीती घालतोय, काही करणार नाही, असं मला वाटत नाही. करेल. कधी तेवढंच ठाऊक नाही.

मी आत जात नाही. ओट्यावर बसून राहते, त्याला नीट दिसेन अशी. मोटरसायकलचा नंबर मी ठाण्यात देऊन आलेय. उद्या परत जाणार आहे. परवाही. तक्रार मी मागे घेणार नाही.