गुचिनची तुटलेली तार

नागपूर स्टेशनवर गाडी हलली तरी बाबा खिडकीला धरून चालत होते. "तिकडे कुणाच्या भानगडीत पडू नकोस," हे त्यांचं शेवटचं वाक्य. आई रडत होती आणि मला, खरं सांगायचं तर, कधी एकदा सुटते असं झालं होतं. दोन वर्षं झाली त्याला. ही कसली मुलगी, असं तुम्ही घरचे म्हणाल. पण जे माझ्यासारखे निघून आलेत त्यांना ठाऊक आहे.

इथं अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, अपार्टमेंट शेअर करायला मिळाली ती बीजिंगची लियान. माझ्या फोडणीनं स्मोक अलार्म बोंबलायचा, तिच्या सोयासॉसला मी नाक मुरडायची. तिच्या भिंतीवर एक काळी, लांबट, फळीसारखी वस्तू टांगलेली होती. ते गुचिन. सात तारांचं, पडदे नसलेलं, टेबलावर आडवं ठेवून वाजवायचं. चीनमधले विद्वान शतकानुशतकं ते वाजवत आले, तेही स्वतःसाठी, नाहीतर एखाद्या जिवलगासाठी. आवाज इतका हळू की आमचा फ्रिज सुरू झाला तरी तो बुडून जायचा.

लियान लहान असताना तिच्या देशात जुन्या वस्तू जाळायची लाट आली. तिच्या वडिलांनी तारा काढून गुचिन उलटं केलं आणि स्वयंपाकघरात फळी म्हणून बसवलं. वर्षानुवर्षं त्यावर कोबी राहिला. आता तिकडे ते पुन्हा शिकवतात, पोलादी तारा लावून स्टेजवर माइकसमोर वाजवतात. लियान मात्र वडिलांनी दिलेल्या रेशमी ताराच लावते. या उन्हाळ्यात ती गुचिन घेऊन घरी जाणार होती. तिकीटही काढलं होतं.

यंदा, एकोणनव्वदच्या मे महिन्यात, बीजिंगच्या चौकात विद्यार्थी लोकशाहीसाठी धरणं धरून बसले आणि आमच्याकडे चिनी मुलामुलींची गर्दी व्हायला लागली. लियान कॅम्पसवर त्या विद्यार्थ्यांच्या बाजूनं जाहीर बोलली. एका शनिवारी सगळ्यांच्या आग्रहावरून तिनं गुचिन खाली काढलं. वाजवता वाजवता फटकन तार तुटली. मी पडले इंजिनियर, लगेच ह्युमिडिटीवर लेक्चर दिलं. कुणी हसलं नाही. मग एकानं हलक्या आवाजात मला सांगितलं, त्यांच्याकडे जुनी समजूत आहे, अशी अचानक तार तुटली तर कुणीतरी चोरून ऐकत असतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि एकेक करून बूट घालून निघून गेले.

इथंच शिकणारा आमच्या विदर्भातला सुधीर हे ऐकून म्हणाला, "यार, उगाच ओव्हररिअ‍ॅक्ट करतायत. एक स्ट्रिंग तर तुटली!" मलाही तसंच वाटलं होतं.

जूनमध्ये लष्करानं त्या विद्यार्थ्यांचं काय केलं ते आम्ही टीव्हीवर पाहिलं. बरेच दिवस लियानला घरचा फोन लागेना. अखेर एका रविवारी सकाळी लागला. वडील शांतपणे बोलले. एक गृहस्थ घरी येऊन चहा पिऊन गेले होते. फार सभ्य होते. जाताना म्हणाले, तुमची मुलगी अजून छान वाजवते, तार तुटली हे वाईट झालं. मग वडील तिला म्हणाले, "गुचिन इकडे आणू नकोस. इथली हवा त्याला मानवायची नाही."

लियाननं फोन ठेवला. "ते मला येऊ नकोस म्हणाले," एवढंच बोलली, आणि तिकीट कॅन्सल केलं.

खोलीतल्या कुणी सांगितलं ते आजवर कळलेलं नाही. पुढच्या शनिवारी तेच सगळे पुन्हा आले, लियाननं त्यांच्यासाठी चहा केला. कप देताना मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. मला भीती वाटत होती, आणि अजून वाटते. हल्ली ती खिडक्या बंद करून वाजवते.

घर म्हणजे काय असं पूर्वी कुणी विचारलं असतं, तर मी आईच्या हातची भाकरी वगैरे सांगितलं असतं. परवा आईचा फोन आला, शेजारच्या काकूंकडून. आई फोनवर बोलत नाही, ओरडते. गल्लीभर ऐकू जातं. लियान समोर बसून भाजी चिरत होती. आई काय म्हणते, असं तिनं विचारलं.

"कधी येतेस, म्हणून विचारतेय," मी सांगितलं.

लियानची सुरी थांबली. "इतक्या मोठ्यानं?" ती म्हणाली.