ब्रिटाचा एक सेकंद

लाइल कोल्स्टॅड दुधाचा टँकर चालवायचा. विस्कॉन्सिनच्या त्या भागात पहाटे गोठ्यागोठ्यांवरून दूध उचलणारा माणूस नुसता ड्रायव्हर नसतो. तो टाकीचं झाकण उघडून वास घेतो, तापमान बघतो, नमुना काढतो, आणि दूध बरं नसेल तर शेतकऱ्याच्या तोंडावर सांगतो, "हे मी नेणार नाही." एकतीस वर्षांत लाइलने सख्ख्या मेव्हण्याचं दूधही दोनदा नाकारलं होतं. तेव्हापासून नाताळच्या जेवणाला त्या घरी त्याला कोपऱ्यातली खुर्ची मिळते. त्याला त्याचं काही वाटत नाही.

अशा नाकासमोर चालणाऱ्या माणसाच्या पोटी ब्रिटा आली. आठव्या वर्षी त्याने तिला चीजच्या कारखान्यामागच्या ट्रॅकवर गो-कार्टमध्ये बसवलं, ते केवळ हौस म्हणून. तिसऱ्या रविवारी तिने बारा-तेरा वर्षांच्या पोरांना मागे टाकलं, हेल्मेट काढलं आणि विचारलं, "डॅड, ही पोरं वळणावर घाबरतात का?"

त्या वळणावर लाइल स्वतःही घाबरला असता.

तिथून पुढे सगळं घर त्या पोरीच्या मागे धावत सुटलं. शनिवार आला की गाडीला ट्रेलर जोडायचा आणि निघायचं, कधी आयोवा, कधी इंडियाना. तिची आई जोलीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. ती सँडविचं बांधून द्यायची, पण शर्यत बघायला कधी आली नाही. संध्याकाळी फोनवर नुसता निकाल ऐकायची. सोळाव्या वर्षी ब्रिटाला उघड्या चाकांची छोटी रेसिंग कार मिळाली. एका मोसमात ती दोन शर्यती जिंकली, आणि तेवढ्यात तिचा खर्च उचलणाऱ्या पुरस्कर्त्याने हात वर केले. तिच्या मागे राहणारी, बड्या बापांची मुलं पुढच्या पायरीवर गेली. ब्रिटा रडली-बिडली नाही. ती एका रेसिंग शाळेत शिकवायला लागली. दातांचे डॉक्टर, वकील, घरं विकणारे अशा हौशी मंडळींच्या शेजारी बसून दिवसभर म्हणायची, "ब्रेक. आता. आता म्हणजे आत्ता, जेवण झाल्यावर नाही!"

त्या हौशी मंडळींत वर्लिन हॉप्ट होता. साठीचा, गोठ्यातली यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याचा मालक, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. त्याने चार दिवस ब्रिटाच्या शिव्या खाल्ल्या आणि पाचव्या दिवशी तिला आपल्या स्पोर्ट्स कारमध्ये जोडीदार म्हणून घेतलं. दोन तासांच्या शर्यतीत अर्धा वेळ तो चालवणार, अर्धा वेळ ती.

आता या खेळातली एक गंमत सांगायला हवी. इथे प्रत्येक ड्रायव्हरला त्याच्या वेगाप्रमाणे एक दर्जा मिळतो: ब्राँझ, चांदी, सोनं. वर्लिनसारखा हौशी मालक ब्राँझ. त्याच्या वर्गात त्याचा जोडीदार चांदीपर्यंतचाच चालतो, सोन्याचा चालत नाही. त्यामुळे सगळे मालक डोळ्यांत तेल घालून शोधत असतात, ते चांदीच्या दर्जाचा, पण सोन्यासारखा पळणारा जोडीदार. आणि असा कुणी फार चमकला की दर्जा देणारी समिती त्याला सोनं करून टाकते. एरवी कुणाला सोनं मिळालं की लोक तोंड गोड करतात. इथे सोनं मिळालं की गाडीत बसायची जागा जाते, कारण सोन्याच्या मोजक्या जागा मोठ्या कंपन्यांच्या माणसांनी आधीच धरलेल्या असतात.

ब्रिटा चांदी होती. दुसऱ्या मोसमाच्या सुरुवातीला वर्लिन कोल्स्टॅडांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"पोरी, पुढच्या वर्षी मी विजेतेपदासाठी उतरतोय. पूर्ण मोसम, नवी गाडी, आणि जोडीला तू. पण चांदी राहिलीस तरच. हे वर्ष जरा बेताने घे."

"बेताने म्हणजे?"

"म्हणजे सगळं दाखवू नकोस. भर बाजारात कुणी तिजोरी उघडी टाकतं का?"

ब्रिटाने बापाकडे पाहिलं. आणि ज्या माणसाने मेव्हण्याचं दूध परत केलं होतं, तो म्हणाला, "थोडं खिशात ठेव, ब्रिटा. एकच वर्ष तर आहे."

मग तिने विचारलं, "किती?"

"काय किती?" वर्लिन म्हणाला.

"किती ठेवू खिशात?"

वर्लिन हसला. "ठेव की एक सेकंद. एका फेरीला एक."

"बरं," ती म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

ते वर्ष तसंच गेलं. चौथा नंबर, पाचवा, एकदा तिसरा. लोक म्हणायचे, कोल्स्टॅडची मुलगी चांगली आहे, भरवशाची आहे. भरवशाची हा शब्द ऐकला की लाइल विषय बदलायचा. पण वर्लिन खूश होता आणि जागा पक्की होती.

मोसमाची शेवटची शर्यत घराजवळच्याच ट्रॅकवर होती. झाडं लाल-पिवळी झालेली, हवेत भाजलेल्या सॉसेजचा वास. लाइल उतारावरच्या वळणापाशी कुंपणाला टेकून उभा राहिला. वर्लिनने आपली वेळ संपवली, ब्रिटा गाडीत बसली. करायला काही नव्हतं म्हणून लाइल तिच्या फेऱ्यांची वेळ फोनवर बघून हातातल्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे लिहायला लागला.

दोन मिनिटं, एकोणीस पूर्णांक तीन सेकंद. पुढची, एकोणीस तीन. मग एकोणीस चार. एकोणीस तीन.

सहाव्या फेरीला एक हळू गाडी तिच्या वाटेत आडवी आली. लाइलने स्वतः पाहिलं, तिला ब्रेक मारावा लागला, चांगला अर्धा सेकंद तिथेच गेला. फेरीची वेळ आली: एकोणीस तीन. गेलेला अर्धा सेकंद तिने पुढच्या वळणांमध्ये कुठून तरी काढला होता आणि बरोबर तेवढाच काढला होता, कणभरही जास्त नाही.

लाइलचा हात थांबला. टँकर चालवणाऱ्याला वजन कळतं. पेट्रोल जळतं तशी गाडी हलकी होते, आपोआप वेगवान होते. टायर झिजतात तशी ती पुन्हा मंदावते. म्हणजे तीच वेळ पुन्हा लावायची तर प्रत्येक फेरी वेगळी चालवावी लागते. ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे, आजूबाजूला तीस गाड्या, आणि ही पोरगी दर फेरीला हिशेब करून एक सेकंद बाजूला काढून ठेवत होती. एक म्हणजे एक.

चोवीस फेऱ्या झाल्या. चोवीसच्या चोवीस एकोणीस तीन नाहीतर एकोणीस चार. लाइलने असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि हे पाहणारा त्या कुंपणाला तो एकटाच होता. शेजारचा माणूस म्हणाला, "आज फार काही घडलं नाही, नाही का?" लाइलने कागद घडी करून खिशात ठेवला. त्याला त्या पोरीची भीती वाटली, खरोखरची भीती. आणि त्याच दमात लाज वाटली, कारण हे लपव असं तिला सांगणाऱ्यांत तो होता.

ती चौथी आली. त्याने तिला मिठी मारली आणि कागद दाखवला नाही.

नोव्हेंबरात समितीचं पत्र आलं. ब्रिटा कोल्स्टॅड, दर्जा: सोनं. खाली कारणही दिलं होतं. तिच्या फेऱ्यांमधला फरक एक दशांश सेकंदाहून जास्त नाही, आणि हे चांदीच्या दर्जाच्या ड्रायव्हरचं काम नव्हे. तिने वेग लपवला होता, पण तो इतका नेमका लपवला की त्या नेमकेपणानेच ती पकडली गेली.

वर्लिन हरणाची शिकार अर्धी टाकून, शिकारीचं नारिंगी जाकीट अंगात तसंच ठेवून दुपारी येऊन थडकला. "अपील करा! आजच! फॉर्म आहे. ही सोन्याच्या लायकीची का नाही, एवढंच लिहायचंय. लिहा की गाडी चांगली होती, ट्रॅक घरचा होता, पोरगी साधीच आहे. ते ऐकतात. दरवर्षी चार-पाच जणांचं ऐकतात."

"आणि नाही ऐकलं तर?" जोलीनने विचारलं.

"तर माझे हात बांधलेत, जोलीन. मला दुसरा कुणी बघावा लागेल. आणि हिला घेणारं कुणी मला तरी दिसत नाही."

ब्रिटाने फॉर्म बापापुढे सरकवला. "डॅड, तू लिही. तू लिहिशील त्यावर मी सही करेन."

"अगं, तुझी जागा आहे. तू लिही."

"मी लिहायला बसले दोनदा. मला नाही जमत."

लाइलने चष्मा लावला. चौकटीवर छापलं होतं: 'हा दर्जा चुकीचा का आहे?' खुर्चीत वर्लिन चुळबुळ करत होता. लाइल टँकरवरच्या नोंदवहीत लिहायचा तशा मोठ्या सरळ अक्षरांत लिहायला लागला. लिहून झाल्यावर त्याने कागद लेकीकडे दिला. त्याचे कान लाल झाले होते.

ब्रिटाने वाचलं. त्यावर लिहिलं होतं: 'मी हिचा बाप. हिला मी आणि गाडीच्या मालकाने मुद्दाम हळू चालवायला सांगितलं होतं, आणि ती चूक आमची. तुम्ही जिला सोनं दिलंत, ती हळू चालवणारी ब्रिटा आहे. जोरात चालवणारी तुम्ही अजून पाहिलेली नाही.'

"काय लिहिलंय? वाच ना मोठ्याने," वर्लिन म्हणाला.

ब्रिटाने वाचून दाखवलं नाही. तिने बापाच्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली.